टेम्पो भरण्याआधी

पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेले की कोल्हापुरात इशारा पातळी, ४३ फुटांवर गेले की धोका पातळी. सांगलीत आयर्विन पुलापाशी हेच आकडे ४० आणि ४५ आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, कृष्णा आयर्विनपाशी ५७ फुटांच्या आसपास पोचली, आणि पुण्या-मुंबईत बसलेली माणसेही दर तासाला हे आकडे विचारू लागली. पाणी मोजायला आपल्याकडे पट्टी आहे. पाण्यामागून येणारी गरज मोजायला मात्र कुठल्याच पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले नाहीत, म्हणून मदत करू पाहणारा माणूसही पाण्याच्याच पट्टीवर अंदाज बांधतो. पाणी चढले की टेम्पो भरायचे. पाणी उतरले की बातमी उतरते आणि टेम्पोही थांबतात. या लेखाचे म्हणणे त्या सवयीविरुद्ध आहे. पूर, वादळ आणि दुष्काळ या तिन्हींत गरजेचे वेळापत्रक वेगवेगळे असते, ते आधीच बरेचसे ठाऊक असते, आणि मदत त्या वेळापत्रकावर बसवली तर तेवढ्याच पैशात कितीतरी जास्त काम होते. तुमची सोसायटी असो, गणेश मंडळ असो, कार्यालयातल्या दहा-बारा जणांचा गट असो की परदेशातले महाराष्ट्र मंडळ, टेम्पो ठरवण्याआधी हे वेळापत्रक एकदा समोर ठेवावे.

पुराच्या पहिल्या तीन-चार दिवसांत बाहेरच्या माणसाला करण्यासारखे फार थोडे असते, आणि नेमके हेच पचायला जड जाते. त्या दिवसांत लागतात बोटी, त्या चालवणारी सरावाची माणसे, लाइफ जॅकेट, आणि कोण कुठल्या गच्चीवर अडकले आहे याची पक्की माहिती. एनडीआरएफ, लष्कर, नौदल आणि नदीकाठचे पट्टीचे पोहणारे हे काम करतात. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांचे जीव गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसे होती. नदीची सवय असलेल्या गावात हे घडते, तर दुरून गाड्या काढून निघालेल्या तरुणांनी तिथे जाऊन गर्दीत भर घालण्यात काय हशील? शिवाय रस्ता असतोच असे नाही. त्या वर्षी पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ जवळजवळ आठवडाभर बंद होता. असा रस्ता मोकळा झाला की अडकलेले सगळे टेम्पो एकदम आत शिरतात, हमरस्त्याकडेच्या गावांत बिस्किटांचे पुडे ओसंडून वाहतात, आणि दहा किलोमीटर आतल्या वाडीत कुणी फिरकत नाही. या दिवसांत तुम्ही दोन कामे घरबसल्या करू शकता. अडकलेल्या नातेवाइकांची, ओळखीच्यांची नेमकी ठिकाणे जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ किंवा ११२ या क्रमांकावर कळवायची, आणि खात्री न केलेले व्हिडिओ पुढे ढकलायचे नाहीत. दुसरे काम पहिल्याहून कठीण आहे.

यावर लगेच विचारले जाईल, की लोक उपाशी असताना आम्ही वेळापत्रक बघत बसायचे का? बसू नये. पण पहिल्या आठवड्यातले जेवण सर्वांत लवकर आणि सर्वांत चांगले कोण देऊ शकते, एवढे पाहावे. ते देते शेजारचे गाव. पुराच्या रेषेबाहेर राहिलेल्या गावांतून भाकऱ्यांची गाठोडी निघतात, मंगल कार्यालयांत आणि मठांत चुली पेटतात, आणि त्या अन्नाची चव निवाऱ्यातल्या माणसाच्या जिभेला ओळखीची असते. तीनशे किलोमीटरवरून पाठवलेली पुरी-भाजी वाटेत आंबते. तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या त्या गावाला तांदूळ, तेल, डाळ आणि गॅस सिलिंडर यांचे पैसे त्याच दिवशी पाठवावेत. पाण्याचेही तसेच. मानवी मदतीसाठी जगभर वापरले जाणारे 'स्फिअर' नावाचे निकष आहेत. त्यांत पिणे, स्वयंपाक आणि स्वच्छता मिळून माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी धरले आहे. हजार वस्तीच्या गावाला म्हणजे रोज १५,००० लिटर, दहा हजारी टँकरच्या दीड खेपा. तेच बाटल्यांनी भागवायचे म्हटले तर एक लिटरच्या १५,००० बाटल्या रोज, आणि महिन्याभराने ओढ्यात तुंबलेले प्लॅस्टिक. पहिल्या दोन दिवसांत पिण्यापुरत्या बाटल्या ठीक. त्यानंतर टँकर, झाकणाच्या टाक्या, क्लोरीनच्या गोळ्या आणि त्या कशा वापरायच्या हे घरोघर सांगणारी आशाताई, एवढ्यांवर खर्च व्हावा.

वस्तूंच्या बाबतीत दोन गोष्टी स्पष्टच सांगितल्या पाहिजेत. एक जुन्या कपड्यांची. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून आलेल्या कपड्यांचे ढीग नुसते पडून राहिले होते. 'गूंज' या संस्थेने त्यांतले पुष्कळ उचलून, निवडून वापरात आणले, तेही कपड्यांवर काम करणे हा तिचा रोजचा व्यवसायच होता म्हणून. तुमच्या मंडळाकडे निवडायला माणसे नाहीत, आणि ज्यांचे घर वाहून गेले त्यांच्याकडे तर मुळीच नाहीत. कपाट रिकामे करायला आपत्तीची वाट पाहू नये. द्यायचेच तर नवे द्यावे: अंतर्वस्त्रे, परकर, टॉवेल, लहान मुलांचे कपडे, चादरी, आणि त्या भागातल्या बायका जे नेसतात ते. मासिक पाळीसाठी लागणाऱ्या वस्तू यादीत शेवटी घुसवल्या जातात, त्या वर याव्यात. दुसरी गोष्ट बाळांच्या दुधाच्या पावडरीची. पूरग्रस्त भागात ती वाटणे धोक्याचे आहे, कारण ती कालवायला शुद्ध पाणी आणि धुतलेली बाटली लागते, आणि नेमके तेच तिथे नसते. आपल्या देशात १९९२ चा कायदा या पर्यायी दुधाच्या फुकट वाटपाला आळा घालतो. बाळंतिणीला पोटभर जेवण, पाणी आणि आडोसा मिळाला की बाळाची सोय होते. ज्या बाळाला खरोखर पावडरच लागते त्याचा निर्णय डॉक्टरांवर सोडावा.

खरे काम पाणी ओसरल्यावर सुरू होते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले आणि सावित्री-गांधारीने महाड. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी गेले, मागे राहिला गाळ. घरात, दुकानात, विहिरीत, शाळेच्या बाकांवर, देव्हाऱ्यात. गाळ ओला असेतो फावड्याने निघतो. उन्हाने सुकला की पहारीने फोडावा लागतो. म्हणजे या कामाला मुदत असते, फार तर आठवडा-दहा दिवसांची. ठाण्यासारख्या शहरांच्या महापालिकांनी तेव्हा आपली सफाई पथके तिकडे धाडली, ती याच हिशेबाने. तुमच्या टेम्पोत बिस्किटांऐवजी फावडी, घमेली, खराटे, गमबूट, रबरी हातमोजे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, डिझेलचा पाणीपंप आणि प्रेशरने पाणी मारणारे यंत्र असेल, तर त्या आठवड्यात तो टेम्पो सोन्याचा. सोबत जाणाऱ्यांनी आपले जेवण, आपली झोपण्याची सोय बरोबर न्यावी. पूरग्रस्तांच्या घरी पाहुणा होऊन राहू नये. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावे. पायाला जखम असेल तर गाळात उतरू नये. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ पसरली होती, ती उंदरांच्या मुताने दूषित झालेल्या अशाच पाण्या-चिखलातून. प्रतिबंधक गोळ्या घ्याव्यात का हे जाण्याआधीच डॉक्टरांना विचारावे. आणि घरातले मेन स्विच वायरमनने तपासल्याशिवाय कुणीही चालू करू नये, मग घरमालक कितीही घाई करो.

गाळ काढण्याच्या पुढचे एक काम आहे, ज्याच्याकडे कुणाचेच लक्ष नसते आणि ज्यातून घरटी सर्वांत जास्त पैसे वाचतात. ते म्हणजे दुरुस्ती. पुरात बुडालेली पाण्याची मोटार रिवाइंड करून चालते. शिलाई मशीन उघडून, पुसून, तेल घालून पुन्हा चालू होते. गॅस शेगडी, मिक्सर, पंखा, फ्रिज, पिठाची गिरणी, रिक्षाचे इंजिन यांतले बरेचसे वेळेत हात लागला तर वाचते आणि पंधरा दिवस गंजत पडले तर भंगारात जाते. तालुक्याच्या गावात दुरुस्ती करणारे चार जण असतात आणि ते स्वतःच बुडालेले असतात. अशा वेळी जवळच्या आयटीआयमधले शिक्षक आणि मुले, दोन मोटार मेकॅनिक, एक फ्रिजवाला आणि सुट्या भागांची पेटी, एवढे पथक आठ दिवस गावात बसले, तर शिंपीण पुन्हा कमावू लागते, गिरणीवाल्याची गिरणी फिरते, रिक्षावाला स्टँडवर जातो. असे पथक नेण्याचा खर्च शिध्याच्या शंभर किटांहून फारसा जास्त नसतो. फोटो मात्र फारसे चांगले येत नाहीत, हे खरे.

यानंतर येतो कागद. सरकारी मदत पंचनाम्यावर अवलंबून, पंचनामा पुराव्यावर आणि पुरावा गाळात. म्हणून गाळ काढायला हात लावण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत: भिंतीवरची पाण्याची रेघ, बुडालेले धान्य, पडलेली भिंत, मेलेले जनावर कानातल्या बिल्ल्यासह. स्वयंसेवकांनी हे आधी करावे आणि मग खराटा उचलावा. साफसफाईच्या उत्साहात एखाद्याचा दावाच धुऊन जाऊ नये. भिजलेले कागद उन्हात किंवा इस्त्रीखाली न घालता सावलीत, पंख्याखाली, मध्ये कोरे कागद घालून सुकवावेत. सातबारा डिजिटल सहीने महाभूमीच्या संकेतस्थळावरून पुन्हा निघतो, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजिलॉकरवर सापडतात, आधारची प्रत निघते. पण हे सगळे ज्याचा फोनच बुडाला आहे त्याने करायचे कसे? दोन लॅपटॉप, एक प्रिंटर, एक जनरेटर आणि अर्ज भरायला बसलेले चार पदवीधर, ही मदत महिनाभर लागते. सरकारी निकष काय आहेत तेही गावाला सांगावे लागते. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या केंद्रीय निकषांत मृताच्या वारसांना ४ लाख रुपये, सपाट भागातल्या पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, दुभत्या मोठ्या जनावराला ३७,५०० रुपये धरलेले आहेत, आणि पिकाची मदत नुकसान ३३ टक्क्यांवर असेल तरच मिळते. राज्य सरकार वेळोवेळी यात भर घालते, म्हणून चालू शासन निर्णय तहसील कार्यालयातून आणून चावडीवर लावावा. ही काही नवी कल्पना नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे पाठवून परिस्थितीची माहिती गोळा केली आणि सरकारपुढे मांडली. पुढे १८९६ च्या दुष्काळात टिळक आणि सार्वजनिक सभेची मंडळी फॅमिन कोडमध्ये रयतेला काय काय सवलती आहेत हे गावोगाव पत्रके वाटून सांगत होती. शिधा वाटणारे तेव्हाही पुष्कळ होते. हक्क सांगणारे थोडे होते आणि आजही थोडेच आहेत.

पंचनाम्यात ज्यांचे नावच येत नाही, त्यांच्यासाठी तुमचा पैसा राखून ठेवावा, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. सातबारा ज्याच्या नावावर, पिकाची मदत त्याच्या खात्यावर. मग बटईने जमीन कसणारा काय करतो? भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचे घर पडले तर घराची मदत मालकाकडे जाते. ज्या शेतमजूर बाईचे पुढचे दोन महिने दुसऱ्याच्या सोयाबीनच्या काढणीवर अवलंबून होते, तिचे नुकसान कुठल्याच रकान्यात बसत नाही. गावकुसाबाहेरची वस्ती, कातकऱ्यांची वाडी, पारध्यांची पाले, ऊसतोडीच्या कोप्या इथे वाटपाचा टेम्पो वळत नाही, कारण तो सरपंचाच्या किंवा मंडळाच्या अध्यक्षाच्या दारी उभा राहतो. त्सुनामीनंतर तामिळनाडूत किनाऱ्यावरच्या दलित वस्त्या मदतीत मागे पडल्या, हे त्या वेळच्या अनेक अहवालांत नोंदलेले आहे. म्हणून यादी गावाकडून घ्यावी, पण एकाच माणसाकडून घेऊ नये. आशाताई, अंगणवाडी सेविका, बचत गटाची अध्यक्ष आणि शाळामास्तर या चौघांना वेगवेगळे विचारले की जी नावे एकाच यादीत आहेत आणि बाकीच्यांत नाहीत ती चटकन दिसतात. तिथे स्वतः चालत जावे.

आता पैशांचा प्रश्न. वस्तूंपेक्षा रोख रक्कम द्यावी असे म्हटले की पहिली शंका ठरलेली: दारूत जाईल. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये निरनिराळ्या देशांतले रोख मदतीचे अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशा मदतीमुळे दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही. तरी धाकधूक असेल तर रक्कम घरातल्या बाईच्या खात्यावर टाकावी. रोख रकमेचा मोठा फायदा असा, की प्रत्येक घराची अडचण वेगळी असते आणि ती त्या घरालाच ठाऊक असते. एकाला औषध हवे, दुसऱ्याला मुलाची फी, तिसऱ्याला जनावरासाठी कडबा. किट मात्र तिघांनाही पाच किलो तांदूळच देते. दुसरा फायदा बाजारपेठेचा. चिपळूणच्या व्यापाऱ्याचा माल गेला, पाठोपाठ दोन महिने बाहेरून फुकट शिधा येत राहिला, तर त्याने दुकान कुणासाठी उघडायचे? उघडलेल्या स्थानिक दुकानांतून माल घेता येईल अशी कुपने वाटली, तर एकाच पैशात दोन घरे उभी राहतात. अर्थात जिथे बाजारच बंद आहे किंवा सगळ्यांना एकच वस्तू एकाच वेळी हवी असल्याने तिचा भाव भडकला आहे, तिथे रोख रक्कम पांगळी ठरते. तिथे वस्तूच न्यावी.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण चक्रीवादळाचे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. मृग नक्षत्र तोंडावर, कौले आणि पत्रे उडालेले, विजेचे खांब आडवे, त्यात कोरोनाची टाळेबंदी. त्या आठवड्यात लोकांना जेवणापेक्षा छप्पर हवे होते. अशा वेळी ताडपत्री, पत्रे, आकडे-बोल्ट, मंगलोरी कौले आणि छपरावर चढणारे सुतार बाहेरूनच न्यावे लागतात. वीज काही गावांत कित्येक आठवडे नव्हती, आणि वीज नाही म्हणजे नळपाणी योजना बंद, मोबाइल बंद, बँकेचे व्यवहार बंद. गावात एक जनरेटर पोचला तर टाकी भरते आणि फोन चार्ज होतात. दुसऱ्या टप्प्यात पडलेली झाडे कापायला यंत्रकरवती लागतात, कारण वाडीत आडवी झालेली माडा-पोफळीची खोडे उचलल्याशिवाय नवे रोप लावता येत नाही. तिसरा टप्पा मात्र वर्षांचा आहे. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या वाड्यांत माड, पोफळ, जायफळ, मिरी एकमेकांच्या सावलीत वाढतात आणि एकेका कुटुंबाची वाडी काही गुंठ्यांची असते. हेक्टरवर आखलेली भरपाई या वाड्यांना तोकडी पडली आणि पुढे झाडागणिक मदतीचा विचार करावा लागला. नवी पोफळ उत्पन्न द्यायला सहा-सात वर्षे घेते. २०२० मध्ये तिथे नेलेला शिधा महिन्यात संपला. नर्सरीतली रोपे, मधल्या काळात हाताशी उत्पन्न देणारे आंतरपीक, घरगुती खोल्या दुरुस्त करून पर्यटकांना देण्यासाठी भांडवल, यांची गरज पुढची किती वर्षे राहणार हे मात्र त्या पहिल्या महिन्यातच बोटांवर मोजता येत होते.

हे सगळे सरकारचे काम आहे, आम्ही कर भरतो, हा आक्षेप गैरवाजवी नाही. काही कामे सरकारखेरीज कुणाला जमत नाहीत. ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गेली. २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवल्यामुळे मृतांचा आकडा पन्नाशीच्या आत राहिला. हवामानाचा अंदाज, निवारे, बस, पोलीस हे सगळे एकाच वेळी हलवायला राज्ययंत्रणाच लागते. ती कमी पडेल तिथे तिला प्रश्न विचारावेत आणि विचारत राहावेत. पण सरकार नियमाने चालते आणि नियमाच्या रकान्यात न बसणारा माणूस वर सांगितलाच आहे. नागरिकांच्या मदतीची खरी जागा त्या रकान्याबाहेर आहे. जे सरकार देणारच आहे तेच आपण आणखी एकदा देण्यात शहाणपणा नाही. तेही स्टिकर लावून. २०१९ च्या पुरात मदतीच्या पाकिटांवर नेत्यांची छबी लावल्यावरून राज्यभर टीका झाली, आणि ती रास्त होती. पण मंडळाच्या बॅनरपुढे पूरग्रस्त आजीच्या हातात चादर देतानाचा फोटो काही वेगळा नसतो.

पैसा कुठे द्यावा याची थोडी कायदेशीर बाजू. मुख्यमंत्री सहायता निधीला किंवा ८०जी खालच्या संस्थेला दिलेल्या देणगीची करसवलत जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला तर कुठेच मिळत नाही. परदेशातल्या मराठी मंडळांनी जास्त जपावे. भारतीय पासपोर्ट असलेल्याने परदेशातून आपल्या कमाईतून दिलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. पण ज्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले आहे, मग ओसीआय कार्ड का असेना, त्याची देणगी विदेशी ठरते, आणि ती विदेशी देणगीच्या कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी असलेल्या संस्थेलाच घेता येते. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी संस्था तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवूही शकत नाही. म्हणजे एका मोठ्या संस्थेला देऊ आणि ती गावातल्या छोट्या गटांना वाटेल, हा जुना मार्ग बंद झाला आहे. प्रत्यक्ष गावात काम करणारी नोंदणीकृत संस्था शोधणे हे आपत्ती येण्याआधी, शांतपणे करायचे काम आहे. संस्था निवडताना एकच विचारावे: गेल्या आपत्तीच्या गावात तुम्ही शेवटचे कधी गेला होता?

दुष्काळाचे वेळापत्रक सर्वांत सोपे, आणि तेच आपण सर्वांत वाईट पाळतो. पुराचा अंदाज काही दिवस आधी येतो, वादळाचा चार-पाच दिवस आधी, दुष्काळाचा सहा महिने आधी. ३१ ऑक्टोबर २०१८ ला सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. म्हणजे त्या दिवाळीतच कळले होते, की संक्रांतीनंतर चारा संपणार, शिमग्याला विहिरी तळ गाठणार आणि पाडव्यापासून टँकरच्या रांगा लागणार. दानाचा ओघ मात्र दरवर्षी एप्रिल-मेमध्ये, भेगाळलेल्या जमिनीचे फोटो छापून आल्यावर सुरू होतो. तोवर दावणीची जनावरे पडत्या भावात बाजारात गेलेली असतात, पोरगी शाळेतून काढलेली असते, सावकाराकडे अंगठा झालेला असतो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला ५०,००० लिटरच्या दहा वाघिणी, म्हणजे ५ लाख लिटर. लातूर शहराची वस्तीच चार लाखांच्या घरात, तेव्हा माणशी जेमतेम सव्वा लिटर. पुढे पन्नास वाघिणींनी २५ लाख लिटर येऊ लागले. ते पाणी लागतच होते. पण मार्चमध्ये पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावण्याची पाळी आलेल्या शहराला आदल्या दिवाळीत काय हवे होते, हा प्रश्न रेल्वेच्या बातम्यांत बुडून गेला. टंचाईची मदत नोव्हेंबरमध्ये द्यावी: कडबा स्वस्त असताना घेऊन ठेवण्यासाठी, गळक्या टाक्या आणि हातपंप दुरुस्त करण्यासाठी, पाण्याच्या साठ्याचा हिशेब गावात मांडण्यासाठी, ऊसतोडीला जाणाऱ्यांची मुले मागे राहून शिकू शकतील अशा वसतिगृहांसाठी.

दुष्काळी भागाने उसाची हाव सोडली असती तर ही वेळ आली नसती, असेही ऐकू येते. उसाबद्दलचे म्हणणे बव्हंशी खरे आहे, पण दुष्काळात जी बाई तीन किलोमीटरवरून हंडा आणते तिच्या नावावर ऊस नसतो, बहुतेक वेळा जमीनही नसते. तिला काम हवे असते. १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगावात प्रयोग करून पाहिलेली, १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पसरलेली आणि १९७७ मध्ये कायदा झालेली रोजगार हमी याच जाणिवेतून आली. मागेल त्याला काम, आणि कामातून पाझर तलाव, बांध, रस्ते. पुढे देशाच्या २००५ च्या कायद्याला तिचाच आधार मिळाला. ज्यांना दुष्काळात फुकट वाटप करायचे अवघड वाटते, त्यांनी गावातल्या लोकांना कामाची मागणी लेखी नोंदवायला, पावती घ्यायला आणि मजुरी थकली तर पाठपुरावा करायला मदत करावी. उन्हात काम करणाऱ्यांसाठी सावली, पाणी आणि पाळणाघर एवढ्याची सोय बाहेरच्या पैशांतून होऊ शकते.

आणि मग पाऊस पडतो. पहिल्या सरीबरोबर वर्तमानपत्रातला दुष्काळ संपतो, चारा छावणी आवरते, टँकर थांबतात, निधीच्या खात्यावर व्यवहार थांबतो. दुष्काळातला तेरावा महिना खरा तेव्हा सुरू होतो. हातात बियाण्याला पैसा नाही, खताला नाही, बैल विकलेला, भाड्याच्या ट्रॅक्टरचा दर वाढलेला, आणि पेरणीची वेळ आठ-दहा दिवसांची. त्या आठ-दहा दिवसांत एकरी बियाणे-खताचे आणि नांगरटीचे पैसे ज्याच्या हाती पडले त्याचे पुढचे वर्ष सावकाराकडे जात नाही. तेव्हा कालनिर्णयवर आत्ताच तीन खुणा कराव्यात. पूर आला तर पाणी उतरल्यावरचा दुसरा आठवडा. वादळ आले तर पहिल्या पावसाआधीचा आठवडा आणि त्यानंतरचे प्रत्येक वर्ष. दुष्काळ जाहीर झाला तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा आणि रोहिणी निघाल्यापासून मृगापर्यंतचे दिवस. मंडळाच्या कोशाध्यक्षाने जमलेल्या पैशांतला निम्मा या तारखांसाठी बाजूला काढून ठेवावा, आणि ऑगस्टमध्ये कुणी विचारले की बाकीचे पैसे अजून का पडून आहेत, तर त्याला ते कॅलेंडर दाखवावे.